आधीची प्रोफाइल, नंतरची प्रोफाइल

प्रोग्रॅम मंद चालतो आहे असे लक्षात आले की त्याची प्रोफाइल काढायची, यादीत सर्वांत वर दिसणारे फंक्शन गाठायचे आणि ते वेगवान करायचे, ही पद्धत बहुतेक प्रोग्रॅमरांच्या अंगवळणी पडलेली आहे. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. वरचे फंक्शन मुळातच जड काम करते म्हणून वर आहे, की गेल्या आठवड्यातल्या एखाद्या बदलाने ते जड झाले म्हणून, हे एकटी प्रोफाइल सांगू शकत नाही. डेटाबेसच्या सर्व्हरमध्ये नोंदी वाचणाऱ्या फंक्शनने चाळीस टक्के वेळ घेतला तर त्यात नवल काहीच नाही. तेच फंक्शन आधीच्या आवृत्तीत तीस टक्के घेत होते, असे कळल्यावर त्या चाळिसाला अर्थ येतो आणि शोधाला दिशा मिळते. हे पुस्तक त्या दुसऱ्या आकड्याविषयी आहे: दोन प्रोफाइल्स शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक टर्मिनलवर कसा काढायचा आणि त्या फरकावर कितपत विश्वास ठेवायचा. तुलनेची कमांड एका ओळीची असते. तिने दिलेल्या उत्तराला अर्थ आहे की नाही, हे मात्र ती ओळ टाइप करण्याच्या बरेच आधी ठरून गेलेले असते. दोन मोजण्यांत काय स्थिर ठेवले, नमुने किती घेतले आणि कशाला कशाने भागले, यावर ते अवलंबून असते. हा मुद्दा नीट पटला नाही तर हाताशी असलेली उत्तमातली उत्तम साधनेही दिशाभूलच करतील.

प्रोग्रॅमचा वेळ कुठे जातो हे अंदाजाने सांगू नये, मोजावे, ही समज तशी जुनी आहे. डोनाल्ड कनुथ यांनी १९७१ साली फोरट्रान प्रोग्रॅमांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी गोळा केलेल्या प्रोग्रॅमांपैकी काही तर संगणक केंद्रातल्या कचऱ्याच्या टोपल्यांतून मिळवले होते. पाठ्यपुस्तकातले नीटनेटके नमुने नकोत, माणसे खरोखर लिहितात तो कोड हवा, हा त्यामागचा विचार. निष्कर्ष असा निघाला की प्रोग्रॅमचा चार टक्क्यांहून कमी भाग साधारणपणे निम्म्याहून अधिक वेळ खातो. अवेळी केलेल्या ऑप्टिमायझेशनबद्दलचा कनुथ यांचा १९७४ सालचा इशारा आज सर्वतोमुखी आहे. त्याच निबंधात त्यांनी हेही म्हटले होते की सहज मिळणारी १२ टक्क्यांची सुधारणा कोणतेही प्रस्थापित अभियांत्रिकी क्षेत्र किरकोळ समजणार नाही, आणि कोणता भाग किती महाग पडतो हे प्रोग्रॅमरला सांगण्याची सोय प्रत्येक कंपायलरमध्ये असायला हवी. निम्मा निबंध उद्धृत करून मोजणी टाळणाऱ्यांनी उरलेला निम्माही वाचावा.

युनिक्समध्ये प्रॉफ ही साधी कमांड १९७३ पासून होती. कोणत्या फंक्शनमध्ये किती वेळ गेला हे ती सांगे. त्या फंक्शनला कोणी बोलावले हे सांगत नसे. ही उणीव बर्कलीच्या ग्रॅहम, केसलर आणि मॅकुसिक यांच्या जीप्रॉफने १९८२ साली भरून काढली. कंपायलर प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला मोजणीचा एक कॉल घालतो, ऑपरेटिंग सिस्टिम ठरावीक कालावधीने नमुने घेते, आणि फंक्शनचा वेळ त्याला बोलावणाऱ्यांमध्ये कॉलच्या संख्येनुसार वाटला जातो. या वाटपात प्रत्येक कॉलला सारखाच वेळ लागतो असे गृहीत धरलेले असते. एकाने दहा नोंदींची यादी आणि दुसऱ्याने दहा लाखांची यादी एकाच सॉर्ट फंक्शनकडे दिली, तर दोघांच्या माथी सारखाच खर्च पडतो. जीप्रॉफमध्ये अनेक मोजण्यांची बेरीज करण्याची सोय होती, वजाबाकीची नव्हती. एक प्रोफाइल अधिक अचूक करावी एवढाच त्या काळाचा प्रश्न होता; दोन प्रोफाइल्समधला फरक हा स्वतंत्र प्रश्न म्हणून अजून पुढे आलेला नव्हता.

पुढे सॅम्पलिंगचा संप्रदाय वाढला आणि त्याने जवळजवळ सारे क्षेत्र व्यापले. कोडमध्ये मोजणीचे कॉल घातले की मोजणीच वेळ खाऊ लागते आणि छोटी फंक्शने आहेत त्याहून महाग दिसतात. ठरावीक अंतराने प्रोसेसरला थांबवून तो कुठे आहे एवढेच टिपले तर हा भार नगण्य राहतो. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या संशोधकांनी १९९७ साली अल्फा प्रोसेसरांवर अखंड चालणारी अशी व्यवस्था दाखवून दिली. लिनक्सच्या कर्नलसोबत २००९ मध्ये पर्फ आले. आपल्या डेटा सेंटरांमधल्या यंत्रांवर सतत नमुने घेण्याच्या व्यवस्थेबद्दल गूगलने २०१० मध्ये लिहिले. २०११ मध्ये ब्रेंडन ग्रेग यांनी मायएसक्यूएलच्या एका अडचणीचा शोध घेताना फ्लेम ग्राफ रचला आणि हजारो कॉल स्टॅक एका चित्रात मावू लागले. या मुख्य प्रवाहाच्या शेजारी दोन छोटे संप्रदायही आहेत. व्हॅलग्रिंडचे कॅशग्रिंड प्रोग्रॅमला नकली प्रोसेसरवर चालवून एकेक इन्स्ट्रक्शन मोजते. २०१५ साली आलेल्या कोझने वेगळाच प्रश्न विचारला: हा भाग वेगवान झाला तर एकूण वेळ किती घटेल? फंक्शन वेगवान केल्याचा आभास निर्माण करण्यासाठी कोझ इतर सर्व थ्रेड्सना तेवढा वेळ रोखून धरते. ही कल्पना मला फार मोलाची वाटते, तरी रोजच्या कामात सॅम्पलिंगची जागा तिने घेतलेली नाही.

तुलनेची साधने या सगळ्याच्या पाठोपाठ, थोडी उशिराच आली. पर्फमध्ये डिफ ही उपकमांड आहे; नवी नोंद करताना पर्फ जुनी फाइल पुसत नाही, तिचे नाव बदलून ठेवते, आणि काहीच न सांगता डिफ चालवले तर याच दोन फायलींची तुलना होते. या छोट्या सोयीमागे एक मत आहे: मोजणी म्हटली की आधीची मोजणी हाताशी असलीच पाहिजे. गूगलमधून आलेल्या आणि गो भाषेसोबत घराघरांत पोहोचलेल्या पीप्रॉफमध्ये बेस आणि डिफ-बेस असे दोन स्वतंत्र पर्याय आहेत. एकच प्रोसेस चालू असताना तिची साठत जाणारी प्रोफाइल दोनदा घेतली आणि मधल्या काळात काय घडले एवढेच हवे असेल तर पहिला; दोन वेगळ्या आवृत्त्या ताडून पाहायच्या असतील तर दुसरा. पहिल्यात ऋण आकडा आला तर काहीतरी बिघडले आहे असे समजावे. दुसऱ्यात ऋण आकडा ही बहुधा आनंदाची बातमी असते. नवखे हे दोन्ही पर्याय एकच समजतात आणि तिथूनच घोळ सुरू होतो. ग्रेग यांनी २०१४ मध्ये फरकाचे फ्लेम ग्राफही आणले: वाढले ते लाल, घटले ते निळे. या चित्रांची एक मर्यादा ग्रेग यांनीच सांगून ठेवली आहे. चित्राची रुंदी नव्या प्रोफाइलवरून ठरत असल्याने जो कोड नव्या आवृत्तीत पूर्णपणे नाहीसा झाला तो चित्रातूनही नाहीसा होतो. निळा रंग द्यायला तिथे काही उरतच नाही. म्हणून उलट्या दिशेचे दुसरे चित्रही काढावे लागते.

आता या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. समजा एक प्रोग्रॅम १०० सेकंद चालतो: ५० सेकंद फाइल वाचून तिचे विश्लेषण करण्यात, ३० सेकंद नोंदी जुळवण्यात, २० सेकंद निकाल लिहिण्यात. कोणीतरी विश्लेषणाचा भाग सुधारून तो १० सेकंदांवर आणला. एकूण वेळ ६० सेकंद झाला. बाकीच्या दोन भागांना कोणी हातही लावलेला नाही. टक्केवारीची प्रोफाइल मात्र सांगते की जुळवणी ३० वरून ५० टक्क्यांवर गेली आणि लेखन २० वरून ३३ टक्क्यांवर. फरकाच्या तक्त्यात हे दोन्ही भाग ठळकपणे वाढलेले दिसतात, आणि ज्याने प्रोग्रॅम खरोखर वेगवान केला त्याच्याच बदलावर रिग्रेशनचा ठपका येऊ शकतो. साधनाने यात काही चूक केलेली नाही. त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले. विचारणाऱ्याला दुसराच प्रश्न विचारायचा होता. मग टक्केवारी सोडून निव्वळ सेकंद घ्यावेत, असे लगेच वाटते. पण पहिली प्रोफाइल शांत दुपारी घेतली आणि दुसरी सणाच्या खरेदीच्या गर्दीत, तर सेकंदांच्या हिशेबात सगळेच वाढलेले दिसेल, आणि तिथे टक्केवारीच खरी वाट दाखवील. पीप्रॉफमधला नॉर्मलाइझ हा पर्याय नेमका यासाठी आहे, आणि पहिल्या उदाहरणात तोच वापरला तर तो नेमका फसवतो. दोन्ही अडचणींतून सुटण्याचा मार्ग म्हणजे झालेल्या कामाने भागणे: दर विनंतीमागे किती सीपीयू वेळ, दर हजार नोंदींमागे किती. हा भाजक प्रोफाइलच्या फाइलमध्ये नसतो. तो वेगळा मोजून, जपून, प्रोफाइलसोबत ठेवावा लागतो. हे काम कंटाळवाणे आहे आणि बहुतेक ठिकाणी होत नाही. तुलना फसण्याचे सर्वांत मोठे कारण माझ्या मते हेच.

दुसरी अडचण जुळवणीची. दोन फायलींतल्या ओळी ताडून पाहणारे साधे डिफ अक्षरांची तुलना करते. प्रोफाइलची तुलना नावांची असते आणि नावे टिकाऊ नसतात. कंपायलरने एखादे छोटे फंक्शन त्याला बोलावणाऱ्याच्या पोटात इनलाइन केले की ते यादीतून गायब होते आणि बोलावणारे अचानक जड दिसते. प्रत्यक्षात प्रोग्रॅम थोडा वेगवानच झालेला असतो. गो भाषेत निनावी फंक्शनांना क्रमाने नावे मिळतात. वर एक नवे फंक्शन घातले की खालच्यांचे क्रमांक सरकतात, आणि तुलनेत एक फंक्शन मेलेले व दुसरे जन्मलेले दिसते. कॉल स्टॅक मुळात नीट टिपला गेला का, हाही प्रश्न आहे. फ्रेम पॉइंटर वगळून बांधलेल्या प्रोग्रॅमचे स्टॅक अर्धवट तुटतात. फेडोराने २०२३ मध्ये आणि उबुंटूने २०२४ मध्ये आपली पॅकेजेस पुन्हा फ्रेम पॉइंटरसह बांधायला सुरुवात केली. वेगातली थोडी घट पत्करून घेतलेला तो निर्णय मला योग्य वाटतो. पण एक प्रोफाइल जुन्या बिल्डची आणि दुसरी नव्याची असेल तर दोन्हींतले स्टॅक एकमेकांशी जुळणारच नाहीत. यावर असा एक आक्षेप घेतला जातो की प्रोफायलरची चूक दोन्हीकडे सारखीच असल्याने वजाबाकीत ती निघून जाते. तसे घडतेच असे नाही. मिटकोविच आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये चार जावा प्रोफायलर एकाच प्रोग्रॅमवर चालवले, तर सर्वांत जड पद्धत कोणती यावरच त्यांचे एकमत होईना. नमुने फक्त ठरावीक सुरक्षित जागांवरच घेतले जात होते, आणि त्या जागा कुठे पडतात हे कंपायलरच्या निर्णयांवर अवलंबून होते. कोड बदलला की जागा सरकतात, जागा सरकल्या की चूकही बदलते.

तिसरी अडचण योगायोगाची, आणि इथे थोडे गणित केल्यावाचून गत्यंतर नाही. एका कोअरवर सेकंदाला ९९ नमुने या वेगाने ३० सेकंद नोंद केली तर २,९७० नमुने मिळतात. (१०० ऐवजी ९९ अशासाठी, की सेकंदाला शंभरदा होणाऱ्या एखाद्या कामाशी मोजणीची लय जुळू नये.) यात एखाद्या फंक्शनचा वाटा खरोखर दोन टक्के असेल तर त्याच्या नावावर ५९ च्या आसपास नमुने पडतील, आणि निव्वळ योगायोगाने त्यात सात-आठ नमुन्यांचे प्रमाण विचलन असेल. दोन प्रोफाइल्समधल्या फरकाचे प्रमाण विचलन मग साधारण ०.३६ टक्के बिंदू इतके येते. म्हणजे दोनाचे अडीच टक्के झाले तरी त्यामागे काहीच घडलेले नसण्याची चांगलीच शक्यता आहे. हा हिशेबही सौम्य आहे, कारण तो प्रत्येक नमुना स्वतंत्र आहे असे मानतो. तक्त्यात पाचशे फंक्शने असतील तर काही तरी नेहमीच वाढलेले दिसणार, आणि नजर नेमकी त्यांच्यावरच जाणार.

याहून अस्वस्थ करणारी गोष्ट मिटकोविच, दिवान, हाउसविर्थ आणि स्वीनी यांनी २००९ साली दाखवली. प्रोग्रॅमला न लागणाऱ्या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलांची एकूण लांबी बदलली, किंवा ऑब्जेक्ट फायली वेगळ्या क्रमाने लिंक केल्या, तरी प्रोग्रॅमचा वेग इतका बदलतो की एखादे ऑप्टिमायझेशन फायद्याचे की तोट्याचे हा निष्कर्षच उलटू शकतो. कारण इतकेच, की स्टॅक आणि कोड मेमरीत थोडे सरकतात. कर्टसिंगर आणि बर्गर यांनी २०१३ मध्ये ही मांडणी मुद्दाम पुन्हा पुन्हा फिरवत मोजणी केली, तेव्हा कंपायलरच्या ऑप्टिमायझेशनच्या दुसऱ्या पातळीवरून तिसऱ्या पातळीवर गेल्याने मिळणारा फायदा त्यांच्या बेंचमार्कांत योगायोगापासून वेगळा काढता आला नाही.

मग हा खटाटोप करायचाच कशाला, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्त आहे. त्याला एसक्यूलाइट या डेटाबेसचे काम हे माझे उत्तर आहे. या प्रकल्पात वेगाची मोजणी कॅशग्रिंडने होते. घड्याळ न पाहता इन्स्ट्रक्शन मोजल्या की आकडे सात सार्थ अंकांपर्यंत पुन्हा पुन्हा तेच येतात, आणि दोन आवृत्त्यांची मोजणी ओळीला ओळ लावून ताडता येते. एवढ्या स्थिर मोजपट्टीमुळेच ०.१ टक्के किंवा त्याहून छोट्या सुधारणाही ओळखता आल्या. अशा शेकडो सुधारणा साठून २०१४ मध्ये ३.८.७ या आवृत्तीने सोळा महिन्यांपूर्वीच्या ३.७.१७ च्या तुलनेत तितक्याच सीपीयू सायकलींत दीडपट काम करून दाखवले. यातली कोणतीही एक सुधारणा घड्याळाने मोजली असती तर गोंगाटात हरवली असती आणि बहुधा टाकून दिली गेली असती. या मोजपट्टीलाही मर्यादा आहेत. ती डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ मोजत नाही, खऱ्या प्रोसेसरच्या कॅशचे वागणे तिला अंदाजानेच कळते, आणि प्रोग्रॅम तिच्याखाली कित्येक पट मंद चालतो. तरीही गोंगाटाला उपाय आहेत हे तिने सिद्ध केले: स्थिर परिमाण निवडणे, मोजणी अनेकदा करणे, आधीची आणि नंतरची आवृत्ती आलटून पालटून चालवणे, आणि मिळालेल्या आकड्यांवर साधी सांख्यिकीय कसोटी लावणे.

दुसरा आक्षेप असा, की बेंचमार्क असताना प्रोफाइलची तुलना कशाला. बेंचमार्क फरक पडला एवढे सांगतो. कुठे पडला ते सांगत नाही, आणि एक भाग सुधारून दुसरा तितकाच बिघडला तर फरक पडला हेही सांगत नाही. दोन्ही हवेत, बेंचमार्क आधी, प्रोफाइल नंतर. तिसरा आक्षेप अधिक आजचा आहे. प्रोफाइल्स सतत गोळा करून ब्राउझरमध्ये रंगीत तुलना दाखवणाऱ्या सेवा आता मिळतात, मग टर्मिनलचा आग्रह का? त्या सेवा उपयुक्त आहेत आणि मोठ्या ताफ्यासाठी आवश्यकही. पण तिथे कोणत्या दोन कालखंडांची, कशाने भागून, कोणती फंक्शने वगळून तुलना केली हे क्लिकांमध्ये विरून जाते. कमांडची ओळ मात्र लिहिलेली राहते. ती बदलासोबत नोंदवता येते, सहकाऱ्याला आपल्या यंत्रावर पुन्हा चालवता येते, स्क्रिप्टमध्ये घालून प्रत्येक बिल्डला लावता येते, आणि चुकली असेल तर नेमकी कुठे चुकली ते दाखवता येते.

हे सारे आताच का महत्त्वाचे, याची दोन कारणे आहेत. एक कंपायलरकडून आले आहे. गो भाषेच्या १.२१ या २०२३ मधल्या आवृत्तीपासून प्रत्यक्ष वापरातली प्रोफाइल कंपायलरला देऊन तिच्या आधारे कोड बांधणे ही नेहमीची गोष्ट झाली आहे. सी आणि सी++ मध्ये हे तंत्र त्याआधीपासून होतेच. प्रोफाइल आता फक्त माणसांनी वाचायचा अहवाल राहिलेली नाही, ती बिल्डचा कच्चा माल झाली आहे. ती शिळी झाली की नाही हे तुलनेनेच कळते. दुसरे कारण मार्च २०२४ मध्ये साऱ्या जगाने पाहिले. पोस्टग्रेसक्यूएलचे प्रोग्रॅमर आंद्रेस फ्रॉइंड हे डेबियनच्या विकासाधीन आवृत्तीवर छोट्या मोजण्या करत होते. एसएसएच लॉगिनचे अयशस्वी प्रयत्नही अवाजवी सीपीयू खात आहेत आणि लॉगिनला ०.३ ऐवजी ०.८ सेकंद लागत आहेत असे त्यांना आढळले. प्रोफाइलमध्ये तो वेळ लिबएलझेडएमए या डेटा-संकोचनाच्या लायब्ररीत जात होता, आणि तोही कोणत्याच फंक्शनच्या नावाशी न जुळणाऱ्या जागी. त्यातून, ही लायब्ररी ज्याचा भाग आहे त्या एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत पेरलेले मागचे दार उघडकीस आले. अर्धा सेकंद ही काही मोठी रक्कम नाही. नेहमी किती लागतात हे ज्याला ठाऊक होते, त्यालाच ती खटकली.

पुण्या-मुंबईच्या आणि परदेशातल्या कचेऱ्यांतून हजारो मराठी माणसे रोज असा कोड लिहितात, तपासतात, चालवतात. त्यांना ही साधने नवी नाहीत. त्यामागचा विचार सलगपणे मांडणारे पुस्तक मात्र मराठीत हवे होते. प्रस्तुत पुस्तक पर्यायांची जंत्री देत नाही. ती मॅन्युअलमध्ये आहे आणि आवृत्तीगणिक बदलते. पर्फ, पीप्रॉफ, फ्लेम ग्राफ आणि कॅशग्रिंड या चारच साधनांच्या आधारे ते एका तुलनेचा पूर्ण प्रवास उलगडते: प्रश्न ठरवण्यापासून, भाजक निवडण्यापासून, यंत्र शांत करण्यापासून ते निष्कर्ष सहकाऱ्यांपुढे मांडण्यापर्यंत. वाट पाहण्यात गेलेल्या वेळेची आणि मेमरीच्या वाटपाची तुलना त्यात आहे. ग्राफिक्स प्रोसेसरांवरचा कोड आणि अनेक सर्व्हरांमधून जाणाऱ्या विनंतीचा माग हे विषय स्वतंत्र पुस्तकाचे असल्याने मुद्दाम वगळले आहेत. वाचकाकडे लिनक्सचे एखादे यंत्र आणि स्वतःचा एखादा खरा प्रोग्रॅम असावा, एवढीच अपेक्षा आहे. सुरुवातीचा प्रयोग साधा आहे: काहीही न बदलता एकाच बिल्डच्या दोन प्रोफाइल्स घ्यायच्या आणि त्यांची तुलना करायची. तक्त्यात जो फरक दिसेल तो सगळा त्या यंत्राचा आणि त्या पद्धतीचा गोंगाट असेल. तो आकडा वहीत लिहून ठेवावा. पुढच्या प्रत्येक प्रकरणात तो लागणार आहे.